तिरपं अक्षर नुसतं शोभेचं नसतं! – इटॅलिक टाइपाचा स्वभाव आणि उपयोग



आजचा विषय तुम्हाला थोडा वेगळा वाटेल. आपण संगणकावर रोज एक बटण दाबतो, कंट्रोल आणि आय. शब्द तिरपा होतो. छान दिसतो म्हणून आपण तो तसाच ठेवतो आणि पुढे जातो. मीही अनेक वर्षं तेच करत होतो. पण मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलीनं मला या बटणाचा खरा अर्थ शोधायला लावला. ती गोष्ट आधी सांगतो.

'धाराविद्युत' हा घटक शिकवून झाला होता. सरावासाठी सोडवलेल्या उदाहरणांचा एक कागद मी घरी टाइप केला आणि झेरॉक्स काढून वाटला. नंतर चाचणी घेतली. उदाहरण सोपं होतं: विद्युतधारा २ अँपिअर, रोध ३ ओहम, तर विभवांतर काढा. या मुलीनं सूत्र बरोबर लिहिलं, किमती बरोबर घातल्या आणि 'व्ही = ६ व्ही' इथपर्यंत ती अगदी बरोबर आली. मग तिनं दोन्हीकडचा व्ही कापला आणि खाली लिहिलं, '१ = ६'. त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह!

मी तिला जवळ बोलावलं. ती म्हणाली, "सर, बीजगणितात दोन्ही बाजूंना सारखं अक्षर गुणलेलं असलं की कापायचं असतं ना? तुमच्या कागदावर दोन्ही व्ही सारखेच आहेत."

मी कागद पाहिला. खरंच सारखेच होते. पहिला व्ही म्हणजे विभवांतर ही राशी, दुसरा व्ही म्हणजे व्होल्ट हे एकक. मला ते माहीत होतं, कागदाला माहीत नव्हतं. नंतर एक इंग्रजी भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं, तर त्यात पहिला व्ही तिरपा आणि दुसरा सरळ छापलेला. तो तिरपेपणा मी इतकी वर्षं डोळ्यांनी पाहत होतो, पण वाचत नव्हतो.

त्या मुलीची चूक ही माझ्या टाइपिंगची चूक होती. म्हणूनच हा लेख.

सेरिफ म्हणजे काय? इटॅलिक म्हणजे काय?

इंग्रजी वर्तमानपत्राचं किंवा जुन्या पुस्तकाचं पान जवळून पाहा. अक्षराच्या रेघा जिथे संपतात तिथे छोटी पावलं दिसतात. मोठ्या आय या अक्षराला खाली-वर छोट्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्याच. या पावलांना सेरिफ म्हणतात. ज्या टाइपाला ही पावलं असतात तो सेरिफ टाइप. टाइम्स न्यू रोमन हे रोजचं उदाहरण. एरियलला ही पावलं नाहीत.

आता इटॅलिक. बहुतेकांना वाटतं की सरळ अक्षर उजवीकडे कललं की झालं इटॅलिक. तसं नाही. एक छोटा प्रयोग करून बघा. संगणकावर छोट्या लिपीतलं ए, ई आणि एफ ही इंग्रजी अक्षरं एरियलमध्ये टाइप करा आणि इटॅलिक करा. अक्षरं फक्त कलतील. आता तीच अक्षरं टाइम्स न्यू रोमनमध्ये करून बघा. छोट्या ए ची वरची टोपी गायब होते आणि आपण हातानं काढतो तसा एकमजली ए तयार होतो. एफ ची शेपटी ओळीच्या खाली उतरते. ई गोलसर होतो. म्हणजे हे अक्षर वाकवलेलं नाही, ते वेगळ्या वळणानं नव्यानं काढलेलं आहे.

नुसतं कललेलं अक्षर आणि खरं इटॅलिक यांत हाच फरक. खऱ्या इटॅलिकमध्ये सेरिफसुद्धा बदलतात. सरळ अक्षरात ती ठाम पावलं असतात, इटॅलिकमध्ये ती लेखणी कागदावर टेकवताना आणि उचलताना उमटलेल्या हलक्या फटकाऱ्यांसारखी होतात. मराठीत आपण 'अक्षराला वळण आहे' म्हणतो. इटॅलिकचं सौंदर्य त्या वळणात आहे, कलण्यात नाही.

व्हेनिस, सन १५०१

या अक्षराचं मूळ छापखान्यात नाही, माणसाच्या हातात आहे. पंधराव्या शतकातल्या इटलीत अभ्यासक आणि कारकून भरभर लिहिण्यासाठी एक धावती लिपी वापरत. पेन कमी उचलायचं, अक्षरं अरुंद ठेवायची, थोडं पुढे झुकायचं. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस यानं हे हस्ताक्षर टाइपात आणायचं ठरवलं. त्याच्यासाठी फ्रान्सेस्को ग्रिफो या कारागिरानं त्याचे ठसे कापले. १५०१ साली लॅटिन कवी व्हर्जिलचं काव्य या नव्या टाइपात छापून निघालं. पुस्तक लहान, हातात धरून कुठेही वाचता येईल असं. इटलीत जन्मलं म्हणून नाव पडलं इटॅलिक.

यात दोन गमती आहेत. पहिली, तेव्हा अख्खं पुस्तकच इटॅलिकमध्ये असे. दुसरी, त्या टाइपात छोटी अक्षरं तिरपी होती, पण मोठी अक्षरं सरळच होती. तिरपी मोठी अक्षरं नंतर आली.

पुढे १५२२ मध्ये लुडोव्हिको अर्रिगी यानं हे हस्ताक्षर शिकवणारी पुस्तिका काढली. आपल्या भाषेत सांगायचं तर 'सुंदर हस्ताक्षर' वही! आपल्याकडच्या बऱ्याच शाळांची प्रमाणपत्रं मोनोटाइप कॉर्सिव्हा या फॉन्टमध्ये असतात. त्या फॉन्टचं घराणं थेट या अर्रिगीच्या वळणाशी पोहोचतं. म्हणजे स्नेहसंमेलनात धावण्याच्या शर्यतीचं प्रमाणपत्र घेणाऱ्या मुलाच्या हातात पाचशे वर्षांपूर्वीचं इटालियन हस्ताक्षर असतं.

मग बदल कधी झाला? सोळाव्या शतकातच मुद्रकांच्या लक्षात आलं की सरळ टाइपाच्या मजकुरात एखादाच शब्द इटॅलिकमध्ये घातला, तर तो ओरडत नाही, पण वेगळा कळतो. तेव्हापासून इटॅलिक स्वतंत्र न राहता सरळ टाइपाचा जोडीदार झालं. आज टाइपकार एकाच कुटुंबात सरळ आणि इटॅलिक असे दोन्ही काढतात. लंडनच्या 'द टाइम्स' वृत्तपत्रासाठी १९३२ मध्ये स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली टाइम्स न्यू रोमन तयार झाला. त्यालाही त्याचं स्वतःचं इटॅलिक आहे.

याचा स्वभाव कसा आहे?

वर्गात एखादा मुलगा मोठ्यानं बोलतो, एखादी मुलगी हळू आवाजात पण नेमकं बोलते. ठळक अक्षर हे पहिल्यासारखं. पान उघडताच दिसतं. इटॅलिक दुसऱ्यासारखं. ओळ वाचत तिथपर्यंत पोहोचल्यावरच कळतं की आवाज बदलला.

म्हणून त्याच्या स्वभावाच्या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. ते अरुंद आणि हलकं असतं. पानाचा एकसारखा रंग ते बिघडवत नाही.

२. ते हाताच्या जवळचं असतं. म्हणून निमंत्रण, अर्पणपत्रिका, पत्रातला मजकूर, कवितेखालची दोन ओळींची टीप यांना ते शोभतं.

३. ते शेजाऱ्यामुळे कळतं. आजूबाजूला सरळ अक्षर असेल तरच तिरप्याला अर्थ. अख्खं पान तिरपं केलं की काहीच वेगळं राहत नाही. म्हणूनच छापण्याचा नियम असा आहे की मजकूर आधीच इटॅलिकमध्ये असेल, तर त्यातला वेगळा शब्द उलट सरळ छापायचा.

४. ते लांब मजकुरात दमवतं. दोन ओळी छान, दोन पानं नकोत. आणि कॉर्सिव्हासारख्या वळणात सगळी अक्षरं मोठ्या लिपीत टाइप केली तर नाव वाचताच येत नाही. प्रमाणपत्रावर मुलाचं नाव टाइप करताना ही चूक फार होते. पहिलं अक्षर मोठं, बाकी छोटी, एवढं केलं तरी पुरे.

शाळेत त्याची खरी कामं

आता आपल्या कामाचं बघू.

*विज्ञान आणि गणितात.* जगभर पाळला जाणारा नियम असा: राशीचं चिन्ह तिरपं, एककाचं चिन्ह सरळ. ही यादी वहीत उतरवून ठेवा.

– व्ही: तिरपा असेल तर विभवांतर, सरळ असेल तर व्होल्ट.
– मोठा डब्ल्यू: तिरपा असेल तर कार्य, सरळ असेल तर वॅट.
– छोटा एम: तिरपा असेल तर वस्तुमान, सरळ असेल तर मीटर.
– छोटा जी: तिरपा असेल तर गुरुत्व त्वरण, सरळ असेल तर ग्रॅम.
– मोठा ए: तिरपा असेल तर क्षेत्रफळ, सरळ असेल तर अँपिअर.

पाहिलंत? एकाच अक्षराला दोन अर्थ, आणि ते वेगळे ठेवण्याचं काम फक्त त्या तिरपेपणाचं. बीजगणितातही चल राशी एक्स तिरपा छापतात. त्यामुळे तो गुणाकाराच्या फुलीपासून वेगळा दिसतो. सातवी-आठवीत मुलं एक्स आणि गुणिले यांत गोंधळतात, त्याचं एक कारण आपल्या टाइप केलेल्या कागदांतही असतं.

*जीवशास्त्रात.* सजीवाचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं आणि ते इटॅलिकमध्ये छापतात. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसरा शब्द पूर्ण छोट्या लिपीत. हे शिकवायला आमच्या घोडेगावात उदाहरणं शोधायला लागत नाहीत. गाव अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर, कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं. कांदा म्हणजे एलियम सेपा. बाजारात उभी असलेली म्हैस म्हणजे ब्यूबॅलस ब्यूबॅलिस. शिंगणापूरकडे जाताना रसवंत्या लागतात, तिथला ऊस म्हणजे सॅकरम ऑफिसिनारम. मुलांना फळ्यावरची नावं कोरडी वाटतात, पण घरच्या कांद्याला लॅटिन नाव आहे म्हटल्यावर ती हसतात आणि विसरत नाहीत.

मग उत्तरपत्रिकेत काय करायचं? हातानं लिहिताना मुलांनी दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मारायची असते. हे आपण सांगतो, पण का ते सांगत नाही. पूर्वी लेखक हस्तलिखितात ज्या शब्दाखाली एक रेघ मारत, तो शब्द छापखान्यातला जुळारी इटॅलिक खिळ्यांत जुळवत असे. म्हणजे वहीतली ती रेघ ही छापखान्याला दिलेली जुनी सूचना आहे. कारण कळलं की मूल नियम पाळतं.

*इंग्रजी विषयात.* पुस्तकाचं, वर्तमानपत्राचं, चित्रपटाचं आणि जहाजाचं नाव इटॅलिकमध्ये. इंग्रजीत न रुळलेला परभाषेतला शब्द इटॅलिकमध्ये. आणि वाक्यातल्या एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर तो शब्द इटॅलिकमध्ये. मुलांकडून इंग्रजी धडा मोठ्यानं वाचून घेताना असा शब्द आला की आवाज किंचित बदलायला सांगा. तिथेच अर्थ असतो.

मग मराठीत तिरपं अक्षर का नाही?

हा प्रश्न मला एका पालकांनी विचारला होता. उत्तर शोधताना मजा आली.

पहिलं कारण भाषेतच आहे. इंग्रजीत 'मी सांगितलं होतं' यातल्या 'मी'वर जोर द्यायला तिरपं अक्षर लागतं. मराठीत आपण 'मीच सांगितलं होतं' म्हणतो. संपलं! तो एक 'च' इटॅलिकचं काम करतो. 'मी तर सांगितलं होतं', 'मीही सांगितलं होतं', 'सांगितलं होतं मी', प्रत्येकात जोर वेगळ्या जागी. शब्दांचा क्रम बदलून आणि च, ही, तर, सुद्धा लावून आपण जे करतो, ते इंग्रजीला बऱ्याचदा टाइपाकडून करून घ्यावं लागतं.

दुसरं कारण लिपीच्या इतिहासात आहे. आपल्याकडे धावती लिपी नव्हती असं नाही. होती, आणि शतकानुशतकं होती. ती म्हणजे मोडी. पोथी लिहायची तर बाळबोध म्हणजे देवनागरी, आणि पत्र, हिशेब, दप्तर लिहायचं तर मोडी. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी शिरोरेघ ओढून घ्यायचा आणि तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं गुंफत जायचा. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत जागा सोडायची नाही. सगळी धडपड वेगासाठी. इटलीच्या कारकुनांनी जे केलं तेच आपल्या कारकुनांनी केलं.

फरक पुढे पडला. युरोपात पोथीचं सरळ अक्षर आणि कारकुनाचं धावतं अक्षर एकाच पानावर, एकाच ओळीत येऊन बसलं. आपल्याकडे छपाईच्या सुरुवातीला दोन्ही लिप्यांचे खिळे तयार झाले. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला (बंगालमधल्या, आपल्या जिल्ह्यातल्या नव्हे!) छापलं गेलं, ते देवनागरी अक्षरात. त्याचाच १८१० चा मराठी कोश मात्र मोडी टाइपात निघाला. पण पुढे पुस्तकांचं जग देवनागरीकडे गेलं. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली देवनागरी टाइप घडत गेला. तिथेच काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या सुबक टाइपानं मराठी-संस्कृत पुस्तकांना त्यांचं रूप दिलं. याच अमेरिकन मिशननं १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं, तेही आपल्या नगरहून. मोडी मात्र दप्तरात राहिली, आणि विसाव्या शतकात शाळेतूनही गेली. सरळ आणि धावतं यांची जोडी आपल्या पानावर जमलीच नाही.

आपला नेवासा तालुका तर लेखनिकाचाही तालुका आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि परंपरेनुसार ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. सांगणाऱ्याच्या वेगानं लिहिणारा हात असल्याशिवाय ग्रंथ होत नाही, हे मुलांना नेवाशाच्या खांबाजवळ उभं करून सांगण्यासारखं आहे. अक्षर आधी हातात असतं, नंतर टाइपात येतं. इटॅलिकची गोष्टही हीच सांगते.

आज हा धागा पुन्हा जुळतो आहे. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून 'मुक्तलिपी' मांडली. पाहायला मिळाली तर मुलांना जरूर दाखवा.

देवनागरी तिरपी केली की काय बिघडतं?

आता कंट्रोल-आयकडे परत येऊ. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फॉन्ट अनेकांच्या संगणकावर आहे. त्याला स्वतःचं इटॅलिक नाही. आपण बटण दाबतो तेव्हा संगणक नवीन अक्षर काढत नाही, आहे तेच ढकलून वाकवतो. शिरोरेघ आडवी राहते, काने कलतात, वेलांट्या, मात्रा आणि रफार आपल्या जागेवरून सरकल्यासारखे दिसतात.

त्यात एक मूलभूत अडचण आहे. इंग्रजीचं रुंद टोकाचं पेन आणि आपला बोरू यांची टोकं उलट तिरकसात कापलेली असतात. त्यामुळे जाड आणि बारीक रेघांच्या दिशाही दोन्ही लिप्यांत उलट येतात. जे कलणं इंग्रजी अक्षराला सहज शोभतं, ते देवनागरीला तसंच शोभेल असं नाही.

आणि लहान मुलांचं काय होतं? म आणि भ, घ आणि ध यांतला फरक अक्षराच्या वरच्या भागात, शिरोरेघेपाशी असतो. भ आणि ध यांची शिरोरेघ तुटलेली असते. अक्षर तिरपं आणि ठळक केलं, त्याची झेरॉक्स काढली, झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढली की ती छोटी फट बुजते. मग दुसरीतलं मूल 'घर' आणि 'धर' यांत अडखळतं आणि आपण म्हणतो, याला वाचता येत नाही. आधी कागद तपासा, मग मूल. वाचनात अडचण असलेल्या मुलांसाठी तर ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही तिरपं आणि अधोरेखित अक्षर टाळा, जोर देण्यासाठी ठळक अक्षर वापरा असं सांगितलं आहे.

मराठीत अधोरेखित करतानाही जपून. आपले उकार, ऋकार आणि पाय मोडायची खूण अक्षराखाली असतात. रेघ त्यांनाच कापत जाते.

याचा अर्थ तिरपी देवनागरी कधीच नको असा नाही. रसवंतीच्या फलकावर पेंटर दोन हात मोठी अक्षरं तिरपी रंगवतो, ती चालत्या गाडीतूनही वाचता येतात, कारण ती त्यानं तशीच काढलेली असतात. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना जी अक्षररूपं दिली तीही हातानं घडवलेली. आता तिरो देवनागरी मराठीसारख्या फॉन्टमध्ये सरळ आणि इटॅलिक अशा दोन्ही शैली मिळतात. मुद्दा एवढाच की काढलेलं तिरपं आणि ढकललेलं तिरपं यांत फरक करायला शिकायचं.

उद्यापासून काय करायचं?

१. मराठी मजकुरात पुस्तकाचं नाव किंवा वेगळा शब्द एकेरी अवतरण चिन्हांत घाला. 'श्यामची आई', 'विक्रांत' असं.

२. मराठीत जोर द्यायचा तर आधी 'च' आणि शब्दक्रम वापरून बघा. नाहीच भागलं तर एखादा शब्द ठळक करा.

३. पहिली ते चौथीच्या कोणत्याही कागदावर तिरपी देवनागरी वापरू नका.

४. विज्ञान-गणिताच्या कागदावर राशी तिरपी, एकक सरळ. आकडा आणि एकक यांत एक जागा सोडा.

५. इंग्रजीसाठी टाइम्स न्यू रोमनसारखा, खरं इटॅलिक असलेला फॉन्ट घ्या.

६. फळ्यावर राशीचं अक्षर वळणदार काढा, एककाचं सरळ काढा. आणि वाचताना 'व्ही बरोबर सहा व्ही' असं कधीच म्हणू नका. 'विभवांतर सहा व्होल्ट' म्हणा.

७. पालकांनो, घरी इंग्रजी पुस्तक वाचताना तिरपा शब्द दिसला की मुलाला एकच प्रश्न विचारा: "हा शब्द वेगळा का छापला असेल रे?" पुस्तकाचं नाव? परकी भाषा? की जोर? उत्तर चुकलं तरी चालेल, शोधायची सवय लागेल.

वर्गातला उपक्रम: तिरप्या शब्दांची शोधमोहीम

साहित्य: जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं, औषधांच्या आणि बियाण्यांच्या पाकिटांवरचे कागद, लग्नपत्रिका, जुनी प्रमाणपत्रं.

चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटानं इटॅलिकमधले दहा शब्द शोधून कापायचे आणि चार रकान्यांत चिकटवायचे: नाव, परका शब्द, जोर, नुसती शोभा. चौथा रकाना सगळ्यात आधी भरतो, हे तुम्हाला दिसेलच! तिथेच चर्चा सुरू करा. ही शोभा वाचायला मदत करते का? शेवटी प्रत्येक गटानं आपल्या घरच्या पिकाचं किंवा जनावराचं शास्त्रीय नाव शोधून, दोन्ही शब्दांखाली वेगळ्या रेघा मारून, वर्गातल्या फलकावर लावायचं. आमच्या वर्गात कांदा आणि म्हैस सोडून कोण काय आणतं यावर पैज लागली होती. तूर आली, कडुनिंब आला, आणि एका मुलानं घरातल्या मांजराचं नाव आणलं.

शेवटी

त्या मुलीचा पेपर मी पुन्हा तपासला आणि 'व्ही = ६ व्ही' या ओळीला पूर्ण गुण दिले. कारण तिथपर्यंत ती बरोबर होती, आणि पुढे ती माझ्या कागदावर विश्वास ठेवून गेली होती. तो सरावाचा कागद मी नव्यानं टाइप केला. आता ती वहीत राशीचा व्ही मुद्दाम झोकात काढते, एकाचा पाय लांबवून, आणि व्होल्टचा व्ही पट्टीनं आखल्यासारखा सरळ. शेजारच्या मुलीनं विचारलं तर सांगते, "हा कापायचा नसतो, हा नुसता सोबत आलाय."

तुमच्याकडच्या शेवटच्या चाचणीचा कागद आज एकदा काढून बघा. त्यात किती अक्षरं उगाच तिरपी आहेत, आणि जी तिरपी हवी होती ती किती सरळ राहिली आहेत, ते मोजा. मी मोजलं होतं. पुढची चाचणी टाइप करायला मला अर्धा तास जास्त लागला, पण '१ = ६' त्यानंतर एकाही वहीत दिसलं नाही.